डोंगरात कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्यांनो, फोटोच्या मागे काय लिहिता?

मंडळी, नमस्कार.

मी डोंबिवलीची, वय 47, गुडघ्यांचं वय विचारू नका. पंचवीसेक वर्षं सह्याद्रीत फिरतेय आणि त्यातली जवळजवळ सगळी गळ्यात कॅमेरा अडकवून. हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे, म्हणजे ट्रायपॉडसकट दहा किलोची सॅक ओढत चढणाऱ्यांना, नुसता मोबाईल घेऊन येणाऱ्यांना, ड्रोनवाल्यांना, रीलवाल्यांना, आणि जे ट्रेक लीडर लोक आमच्यासारख्यांचे फोटो उचलून त्यावर तारीख आणि फी टाकून पोस्टर करतात त्यांना तर खास. आधीच सांगते, हे "रीलवाल्यांनी डोंगर नासवला" टाईप पत्र नाहीये. ते रडगाणं ऐकून मलाही कंटाळा आलाय, आणि खरं सांगायचं तर पहिली चूक माझीच आहे, ती सांगतेच पुढे.

झालं काय, दिवाळीत माळा आवरताना जुन्या फोटोंचा बुटाचा खोका सापडला. रोलच्या जमान्यातले फोटो. 36 फोटोंचा एक रोल, तो दोन ट्रेक पुरवायचा, मग स्टेशनसमोरच्या स्टुडिओत धुवायला द्यायचा आणि आठवडाभर वाट बघायची. फोटो म्हणून बरेचसे टुकार आहेत, निम्म्यांत आकाश पांढरंफटक, एकात कोणाचं तरी बोट. पण प्रत्येक फोटो उलटा केला की मागे पेन्सिलने लिहिलेलं. "रतनगड, जाने. 2000. रतनवाडीतून चढलो, त्र्यंबक दरवाजाने साम्रदला उतरलो. पायऱ्या तुटक्या, खाली घसारा. टाक्यातलं पाणी चांगलं." अजून एक, "हरिश्चंद्रगड, केदारेश्वराची गुहा, पाणी मांडीपर्यंत आणि बर्फासारखं, चारातला एकच खांब शाबूत." हे सगळं मी काही फार विचार करून लिहायचे असं नाही, रोल धुवून येईपर्यंत कुठला फोटो कुठला हे विसरायला व्हायचं म्हणून लिहायचे. पण ते खोक्यापाशी बसून वाचताना लक्षात आलं की ते फोटो बघून आजही कोणी त्या वाटेने जायचं ठरवलं तर निदान काय विचारायचं ते तरी त्याला कळेल. आणि गेल्या दहा वर्षांत मी जे हजारो फोटो टाकलेत ना, त्यांना मागची बाजूच नाहीये. खाली काय लिहिलंय तर "स्वर्ग". "निसर्गाच्या कुशीत". "मन भरून आलं". अहो मन भरलं ते ठीक आहे, पण पाणी कितपत होतं?

तर चूक. 2017 च्या ऑगस्टमध्ये माळशेजच्या बाजूला एका घाटवाटेवर मी एका ओढ्याचा फोटो काढला होता. वाटेचं नाव घेत नाही, का ते कळेल. दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती, पाणी उतरलं होतं, हिरव्यागार झाडीतून पायवाट येते, ओढ्यात उतरते आणि पलीकडे चढून जाते, इतकं सुंदर दिसत होतं ना की मी ट्रायपॉड लावून अर्धा तास तिथेच. झाडीत उजेड कमी, आयएसओ 100, एफ 11, शटर आपोआपच अर्ध्या सेकंदावर आलं, म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा तेवढा वेळ उघडा. अर्ध्या सेकंदात वाहतं पाणी काय होतं हे तुम्हा सगळ्यांना माहितीये. दूध होतं. रेशीम होतं. कोणीतरी दगडांवर ओढणी पसरून ठेवलीये असं दिसतं. फोटो टाकला, खाली "स्वर्ग" लिहिलं, शे-दोनशे जणांनी शेअर केला, मी खूष.

पुढच्या वर्षी जुलैत पाच पोरं, एकाच ऑफिसातली, तो फोटो बघून तिथे गेली. सकाळी ओढा ओलांडला तेव्हा पाणी घोट्याच्या वर, पुढे जाऊन आले, दुपारी वरच्या पठारावर तासभर धो धो कोसळला आणि परत येतात तर तो ओढा राहिलाच नव्हता, चहाच्या रंगाचा लोंढा नुसता. रात्रभर पलीकडे एका कपारीत बसून काढली. सकाळी खालच्या वाडीतले चार जण दोर घेऊन गेले तेव्हा बाहेर निघाली. एकाचं मनगट मोडलं, बाकी सुखरूप, देवाची कृपा म्हणा. त्यातल्या एकाने नंतर मला शोधून मेसेज केला. भांडायला नाही हो, साधा मेसेज. "मॅडम, तुमच्या फोटोत पाणी एवढंसं होतं."

त्याला काय उत्तर देणार? फोटो खोटा नव्हता. पाणी त्या दिवशी खरंच एवढंसंच होतं. पण ते एवढंसं का होतं, हे मला माहिती होतं आणि मी लिहिलं नव्हतं. दोन दिवसांची उघडीप, सकाळी साडेनवाची वेळ, सोबत गावातला एक दादा ज्याने आधी काठी घालून खोली बघितली, आणि आम्ही जेवायच्या आत परत फिरलो होतो कारण त्यानेच सांगितलं, वर ढग धरायला लागलेत, चला. यातलं एक अक्षर फोटोत नाही. वरून मी शटर असं ठेवलं की उरलासुरला जोरही पुसला गेला.

तेव्हापासून मला हा नादच लागलाय, कुठलाही डोंगराचा फोटो बघितला की यात काय लपलंय ते शोधायचं. आणि मी मुद्दाम लपवण्याबद्दल बोलत नाहीये, तुम्ही म्हणाल आम्ही कुठे काय लपवतो. लेन्सच लपवते.

रतनगडाजवळच्या सांधण दरीचंच घ्या. आपल्याकडे कॅन्यन म्हणावी अशी घळ ती हीच, साम्रदपासून सुरू होते, दोन्ही बाजूंना दोन-अडीचशे फुटांच्या सरळ भिंती, मध्ये काही ठिकाणी दोन माणसं शेजारून जेमतेम जातील एवढी जागा, आणि खाली कोकणाच्या दिशेने उतरत गेलेले हे एवढाले धोंडे. ऊन तळाशी पोचतं ते फक्त डोक्यावर आल्यावर, तेही थोडाच वेळ. म्हणजे वर आकाश भगभगीत आणि खाली अंधार, कुठल्याच कॅमेऱ्याला एका फोटोत दोन्ही झेपत नाही. मग आपण काय करतो, तीन एक्सपोजर, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो, घेतो आणि जोडतो, किंवा मोबाईल आपल्याला न विचारताच जोडून टाकतो. फोटोत घळ कशी छान उजळलेली दिसते, भिंतीवरचा रेघन्‌रेघ थर दिसतो. प्रत्यक्षात आत गेलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत म्हणतो, अरे इथे तर काहीच दिसत नाहीये, आणि त्याचा पाय दोन धोंड्यांच्या फटीत जातो. मग ती पाण्याची डबकी. पावसाळा संपल्यावर कमरेपर्यंत, कधी छातीपर्यंत पाणी असतं, एप्रिलपर्यंत आटत जातं. फोटो एप्रिलचा असतो आणि लोक नोव्हेंबरमध्ये जीन्स घालून, मोबाईल खिशात ठेवून येतात. आणि पावसात तर तो सगळा पाण्याचाच रस्ता आहे, पाणी तिथूनच कोकणात उतरतं. आपण घळीत म्हणजे नळाच्या तोंडात उभे असतो, फक्त नळ बंद असतो म्हणून बरं दिसतं. पुढे कातळटप्प्यांवर दोर लावून उतरावं लागतं, ते न करता आल्या वाटेने परत जायचं असेल तर सगळे धोंडे उलटे चढायचे. हे कुठल्या फोटोखाली वाचलंय तुम्ही? मी तरी फार कमी.

नाशिककडच्या हरिहर किल्ल्याचं नेमकं उलटं. त्या कातळात कोरलेल्या पायऱ्या खरंच उभ्या आहेत, त्यात वाद नाही, पण समोरून लांबून 200 मिमीच्या, लांबचं जवळ ओढणाऱ्या लेन्सने काढला की सगळी खोली चपटी होते आणि जिना भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखा दिसतो. त्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी हात धरायला खोबण्या आहेत, ज्याने कोणी खोदल्या त्याने चढणाऱ्याचा विचार केला होता, पण लांबून त्या दिसतच नाहीत. मग होतं काय, जे घाबरतात ते येतच नाहीत आणि ज्यांना मर्दुमकी दाखवायचीये ते ढिगाने येतात, रविवारी पावसात तिथे वर जाणारे आणि खाली येणारे एकाच जिन्यावर आणि मध्येच कोणीतरी पाठ करून उभा, "एक मिनिट हं, व्हिडिओ चालू आहे". तिथे धोका उंचीचा कमी आणि त्या एका मिनिटाचा जास्त आहे. मी एकदा पाऊण तास एका खोबणीत बोटं अडकवून उभी राहिलेय, तेव्हा मनातल्या मनात कोणाकोणाला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

आणि ते टोकावर बसलेले फोटो. कॅमेरा जमिनीला लावायचा, वाईड लेन्स, पाय दरीत सोडलेला माणूस, पुढे नुसते ढग. आपल्यापैकी ज्यांनी असे फोटो काढलेत त्यांना माहितीये की बऱ्याचदा त्या टोकाच्या चार फूट खाली चांगली ओटा असल्यासारखी जागा असते आणि आपण अँगल असा घेतो की ती दिसू नये. ती ट्रिक आहे, फोटोग्राफीत ट्रिका असतातच. पण जो ते बघून दुसऱ्या कुठल्या कड्यावर तसाच बसतो त्याच्याखाली ओटा नसतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर तर अजून गंमत, तो कडा आतल्या बाजूला वळलेला आहे, नागाच्या फण्यासारखा, म्हणजे टोकावर उभं राहिलेल्या माणसाला आपण कशावर उभे आहोत हेच दिसत नाही. जुनी माणसं तिथे पोटावर झोपून डोकं पुढे काढायला लावायची ते उगीच नाही. आणि इंद्रवज्र, म्हणजे ते गोल इंद्रधनुष्य आणि त्यात आपली सावली, जे 1835 मध्ये कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याला तिथे दिसल्याची नोंद आहे, त्याच्यासाठी कड्याच्या कडेला लोंबायची काही गरज नसते हो! सूर्य पाठीमागे खाली असायला हवा आणि समोर दरीत धुकं भरलेलं हवं. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे म्हणजे सकाळची वेळ, बाकी नशीब. मला आजपर्यंत दोनदा दिसलं, त्यातला एक फोटो हलला.

2024 च्या जुलैत माणगावजवळ कुंभे धबधब्यापाशी व्हिडिओ काढताना एक तरुण मुलगी दरीत पडली आणि गेली. त्या बातमीखाली लोकांनी जे काही लिहिलं ते वाचून मला तिच्यापेक्षा आपली जास्त लाज वाटली. ती एकटी वेडी नव्हती, आपण सगळ्यांनी मिळून वर्षानुवर्षं जे फोटो चांगले म्हणून डोक्यावर घेतले तसाच ती काढत होती. आणि अशा घटनेनंतर होतं काय? बंदी. सरसकट. पावसाळाभर धबधबे बंद, वाटा बंद, नाक्यावर पोलीस, आणि ज्यांचं चार महिन्यांचं उत्पन्न भजी, चहा, पिठलं-भाकरी नाहीतर वाट दाखवण्यावर आहे त्या वाडीतल्या लोकांची चूल थंड. रात्री दोर घेऊन उतरायला पण तीच माणसं, किंवा लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी मंडळी, जी आपापली कामं सोडून भर पावसात दरीत उतरतात. फोटो आपला, लाईक आपले, दोर त्यांचा.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे की फोटो जरूर काढा, खूप काढा, पण त्याची मागची बाजू परत आणा. कुठला महिना, किती वाजता. आदल्या दिवशी पाऊस होता का नव्हता. चढायला किती तास लागले, आणि कोणाला, म्हणजे तुमच्यासारख्या पळणाऱ्याला का माझ्यासारखीला. पाणी शेवटचं कुठे मिळालं. दोर लावला होता का. वाटाड्या होता का, आणि होता तर "लोकल गाईडसोबत" असं कोरडं न लिहिता कुठल्या गावात विचारायचं ते लिहा म्हणजे त्या गावात चार पैसे जातील. शटर लांब ठेवलं असेल तर लिहा बाबा, पाणी दिसतंय त्यापेक्षा जोरात होतं. तीन फोटो जोडले असतील तर लिहा, आत अंधार असतो. वासोटा किल्ल्याच्या त्या दाट हिरव्या वाटेचा फोटो टाकलात तर खाली हेही येऊ द्या की आधी बामणोलीहून शिवसागर जलाशयातून बोटीने जावं लागतं, वनखात्याची परवानगी लागते आणि संध्याकाळच्या आत परत फिरावं लागतं, नाहीतर लोक दुपारी एक वाजता बामणोलीत पोचून बोटवाल्याशी भांडतात. हे लिहिल्याने फोटोची जादू जाते असं काहीजण म्हणतात. गेली तर गेली. मला तरी उलटा अनुभव आहे, लोक फोटो जास्त वेळ बघतात, पाणी कुठे, पाय कुठे ठेवला असेल, शोधत बसतात.

पण एक, सगळंच लिहायचं नाही. पावसात आंबोलीला जाणारी मॅक्रोवाली, म्हणजे बेडूक-किड्यांचे अगदी जवळून फोटो काढणारी मंडळी, हे तुम्हाला. तिथे रात्री टॉर्च घेऊन फिरताना मलबार ग्लायडिंग फ्रॉग दिसला, पाण्यावर वाकलेल्या फांदीला त्याचं फेसाचं घरटं दिसलं, किंवा सड्यावर तो चिमुकला आंबोली टोड दिसला, जो अख्ख्या जगात त्या भागातच आहे आणि नामशेष होण्याच्या काठावर आहे, की त्याचं ठिकाण लिहू नका. नुसतं "आंबोली" पुरे. मोबाईलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर तो गुपचूप फोटोत अक्षांश-रेखांश भरून ठेवतो, ते सेटिंग बंद करा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि बेडूक उचलून चांगल्या पानावर ठेवून फोटो काढणाऱ्यांना मी बघितलंय, एका रांगेत सहा जण आणि मध्ये तो बिचारा, फ्लॅश पाडून पाडून आंधळा व्हायची वेळ. असला फोटो कितीही सुंदर असो, त्याच्या मागे काय लिहाल? "उचलून ठेवला"? देवरायांचंही तेच, भीमाशंकरच्या बाजूला आहुप्यासारख्या ठिकाणी शेकडो वर्षं कोणी फांदी तोडली नाही असं जंगल उभं आहे ते देवाच्या धाकाने, नकाशावर टाकलेल्या लोकेशन पिनवर नाही. आत जायच्या आधी गावात विचारा, नाही म्हणाले तर नाही.

ड्रोनवाल्यांनो, तुमच्यासाठी थोडक्यात. सांधण, रतनगड, हरिश्चंद्रगड हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, परवानगीशिवाय उडवायचं नसतं. पण कायदा सोडा, कड्यांवर गिधाडांची घरटी असतात हिवाळ्यात आणि आग्या मोहोळ असतं. गिधाड घरटं सोडून जाईल. मोहोळ तुमच्याकडे येईल आणि तुमच्याकडे म्हणजे तुमच्या मागे उभ्या असलेल्या चाळीस लोकांकडे.

आता पोस्टरवाले लीडर. तुम्ही माझा तो ओढ्याचा फोटो अजूनही वापरता, जुलैच्या बॅचसाठी, मला न विचारता, माझं नाव कापून. नाव कापलंत त्याचं काही नाही. पण ऑगस्टमधल्या उघडीपीचा फोटो जुलैच्या पोस्टरवर लावू नका ना, ज्या महिन्यात नेताय त्या महिन्याचा लावा. गढूळ येईल, धूसर येईल, रेनकोट घातलेली माणसं येतील, येऊ देत. आणि 70 जणांची बस नेत असाल तर त्या 70 जणांचा फोटो लावा, रिकाम्या पायवाटेचा नको, रिकामी पायवाट तुम्ही त्यांना दाखवणारच नाही आहात.

एक सांगायचं राहिलं. त्या खोक्यात साम्रदच्या एका मावशींचा फोटो होता, 2000 चा, डोक्यावर दोन हंडे, मागे रतनगड. गेल्या महिन्यात मुद्दाम मोठा करून घेऊन गेले. मावशी आहेत, डोळे गेलेत बऱ्यापैकी, सुनेने फोटो हातात दिला. त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला, मग उलटा केला आणि मला म्हणाल्या, मागं काय लिव्हलंय ते वाच. मी वाचलं, "साम्रद. विहीर आटली, पाणी दीड मैलावरून. भाकरी दिली, पैसे घेतले नाहीत." त्या हसल्या आणि सुनेला म्हणाल्या, बघ, तुला सांगत होते ना लांबून आणायचो. आणि मला म्हणाल्या, तेव्हा नव्हते घेतले, आता घे म्हणलं तर घेईन बरं का. दिले. घेतले.

घरी आल्यावर मी तो ओढ्याचा फोटो परत टाकला. "स्वर्ग" काढून खाली हे लिहिलं, तुम्हाला हवं तर उचला, नावासकट किंवा नावाशिवाय, पण मजकुरासकट:

"ऑगस्ट 2017, सकाळी साडेनऊ. दोन दिवस पाऊस नव्हता म्हणून पाणी घोट्याच्या थोडं वर. शटर अर्धा सेकंद, पाणी दिसतंय तसं शांत नव्हतं. गावातले दादा सोबत, काठीने खोली बघून उतरलो, ढग धरले म्हणून बाराच्या आत परत. पुढच्या जुलैत याच ठिकाणी पाच जण हा फोटो बघून आले आणि रात्रभर अडकले. तेव्हा हे लिहिलेलं नव्हतं."

तुमचीच,
डोंबिवलीची एक जुनी भटकी